शिंकेची अर्धी गोष्ट

मुलांसाठी गोष्टी लिहायच्या वर्गात मी गेले ती शिकायला. माझी धाकटी जाऊ आली ती घरी कंटाळा येतो म्हणून! "ताई, मी नुसती मागे बसेन हो," म्हणाली होती. बसली कसली डोंबल! थोड्याच दिवसांत पुढच्या बाकावर, आणि शिकवणाऱ्या बाई तिच्याकडे बघून हसतायत. मला म्हणायच्या, "तुमचं अक्षर छान आहे." जळफळाट होणार नाही तर काय होईल?

वर्ग वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरायचा. बाईंनी आयुष्यभर मुलांचं मासिक चालवलेलं, त्यामुळे त्यांची तऱ्हाच न्यारी. खाली पुस्तकं चाळणारी पोरं वर आणून सतरंजीवर बसवायची. आपली गोष्ट आपण वाचायची नाही, दुसऱ्याने वाचायची. आणि अर्ध्यावर आली की बाई टाळी वाजवून थांबवायच्या. एखादं तरी पोर "पुढे काय?" म्हणालं तर गोष्ट पास, नाहीतर घरी जा आणि पुन्हा लिहा. शेवटच्या दिवशी ज्या गोष्टीला सगळ्यात जास्त "पुढे काय?" मिळेल, तिचं वाचनालय चित्रांचं पुस्तक काढणार होतं. एकाच गोष्टीचं. ते पुस्तक मला हवं होतं, अगदी लाज सोडून हवं होतं.

माझी गोष्ट एका आळशी ढगाची. वाक्य न् वाक्य घासूनपुसून लिहिलेलं. आणि शेवटच्या दिवशी नेमका माझा ढग बाईंनी जावेच्या हातात दिला, तिचे कागद माझ्या.

ती आधी उठली. मुद्दाम रडतरखडत वाचलंस तर बघच, असं मी मनात म्हटलं. पण बया अशी जीव ओतून वाचायला लागली की काय सांगू! ढगाला जाड आवाज, वाऱ्याला किरटा. शिट्टीसुद्धा वाजवली. बाईंची टाळी वाजली. सगळं चिडीचूप. मग एक पोरगी म्हणाली, "मी पाणी पिऊन येऊ?"

निदान वाचणारीला नावं ठेवायची सोय तरी हवी होती. तीही नाही.

मग मी उठले. तिची गोष्ट शिंकेची. चारचौघांत बाहेर यायला लाजणारी एक शिंक. मुख्याध्यापकांचं भाषण चालू असताना एका मुलीच्या नाकाच्या टोकापर्यंत येते आणि मागे फिरते. झालं, एवढंच! लिफ्ट बंद असल्याची सूचना वाचावी तशा कोरड्या आवाजात मी वाचायला घेतली. तर पोरं लोळायलाच लागली. मी जेवढा सुतकी चेहरा करावा, तेवढी ती जास्त फिदीफिदी. टाळी वाजली आणि "पुढे काय? पुढे काय?" असा कल्ला झाला. सगळ्यात जोरात कोण ओरडत होतं? माझी चिंगी. पोटची पोर!

"या शिंकेचंच पुस्तक," बाई जावेला म्हणाल्या. "उद्या येऊन मला पूर्ण गोष्ट वाचून दाखव."

घरी जाताना चिंगी काकूचा हात धरून पुढे, मी पिशव्या घेऊन मागे.

"काकू, पुढे काय झालं?" चिंगीने विचारलं. काकू भराभर चालायला लागली. पुन्हा विचारलं, तेव्हा जाऊ थांबली. चेहरा पांढराफटक.

"ताई, मी पुढचं लिहिलंच नाही. बाई अर्धीच वाचायला लावतात ना, म्हणून मी अर्धीच लिहिली. मागे कोरे कागद लावले, नुसते जाड दिसायला. आता उद्या काय करू?"

मला इतका आनंद झाला म्हणता! भोग आता, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात मला शेवट दिसला, आणि तोंड काही बंद राहीना.

"अगं, भाषण करता करता मुख्याध्यापकच शिंकतात! त्यांच्याही नाकात एक लाजाळू शिंक असते, ते शाळेत होते तेव्हापासून अडकून बसलेली. ती अशी येते की भाषणाचे कागद खिडकीबाहेर. मग मुलीची शिंक म्हणते, हात्तिच्या, एवढंच होय! आणि येते की बाहेर!"

चिंगीने हसत हसत रस्त्यातच फतकल मारली. जावेने माझा हात धरला. "ताई, मी बाईंना सांगते, शेवट तुमचा आहे म्हणून."

"काही नको," मी फणकारले. "शेवटावर कुणी नाव घालत नाही."

चिंगी डोळे पुसत उठली. "आई, तुला अशी गोष्ट येते? मग ती ढगाची कशाला लिहिलीस?"