न धुवायच्या साड्या

“बसलीच हायस तर जरा म्हशीकडं बग की.”

हे वाक्य संयोगिताच्या कानावर दिवसातून किती वेळा आदळायचं, ते तिचं तिलाच माहीत. बसलीच हायस तर दळण टाक. बसलीच हायस तर डेअरीचं कॅन घासून ठेव. बसलीच हायस तर पाव्हण्यास्नी चहा टाक. आता वाकळ काय उभ्यानं शिवायची असते? सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, ती ऐसपैस पसरायची, तिच्यावरच मांडी घालायची आणि पाठीचा काटा ढिला होईस्तोवर टाके घालत राहायचं. पण बाई खाली बसलेली दिसली की ती रिकामी, असा त्या घराचा कायदाच होता. कायदा करणारे दोघं, तिचा नवरा जयराज आणि सासू हरणाबाई.

घर मळ्यात, शिराळ्याच्या अलीकडं, डांबरी रस्ता सोडून चांगलं आत. दोन म्हशी, एक रेडकू, कोंबड्या, ऊस आणि ओढ्याकडंला शेंगांचं रान. एवढा पसारा सांभाळून संयोगिता वाकळा शिवायची आणि त्या पार पुण्या-मुंबईला जायच्या. शहरातले लोक त्याला गोधडी म्हणायचे, फोनवर फोटो बघून मागणी करायचे, वर ‘हातानंच शिवली आहे ना?’ असं चारदा विचारायचे. हरणाबाईंना हे कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “लोकास्नी याड लागलंया.”

तेवढ्यावर थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण नागपंचमीला घरात कात्री-सुईला हात लावायचा नाही, म्हणून एक दिवस गेला. शिराळ्याला जत्रेला आलेले पाहुणे मुक्कामाला राहिले, म्हणून दुसरा गेला. आणि त्या पाहुण्यांना पांघरायला हरणाबाईंनी काय काढून द्यावं? तर गिऱ्हाइकाची शिवून तयार असलेली वाकळ! संयोगितानं कपाळावर हात मारून घेतला. हरणाबाई म्हणाल्या, “पांघरली म्हून काय झिजली का गं?” आता ह्याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा.

अशा घरात मायाताईंच्या साड्या आल्या.

माया पाचगणीला एका शाळेत शिकवायची. तिची आई वारून वर्ष झालं होतं. आईच्या साड्यांचं गाठोडं घेऊन ती स्वतः गाडी चालवत मळ्यात आली होती. त्यात दोन-तीन इरकली होती, बाकी रोजच्या वापरातली सुती लुगडी, धुऊन धुऊन मऊ पडलेली.

“संयोगिताताई, एकच सांगायचंय,” ती म्हणाली. “ह्या धुवायच्या नाहीत. आईनं शेवटच्या नेसून ठेवल्या तशाच मी ट्रंकेत बंद करून ठेवल्या होत्या. तिचा वास आहे ह्यांना. रोज थोडा कमी होतोय असं वाटतं. तुम्ही तो आत शिवून टाका.”

संयोगितानं एक लुगडं नाकाशी नेलं. कापूर होता, तपकीर होती, आणि त्या दोन्हींच्या खाली एका म्हाताऱ्या बाईच्या अंगाचा वास होता. तिला एकदम भरून आलं. “काळजी करू नगासा,” ती म्हणाली. “पाण्याचा थेंब लागायचा न्हाई.” जाताना मायानं गाडीची काच खाली करून पुन्हा एकदा सांगितलं, धुवायच्या नाहीत हं.

संयोगितानं ते घरात सगळ्यांना सांगितलं. जयराज मोबाईलमध्ये उसाचे भाव बघत ‘हं’ म्हणाला. हरणाबाईंनी तोंड वाकडं केलं. “मेलेल्या माणसाची लुगडी, न धुता? शी!”

तरी काम चाललं होतं. अर्धी वाकळ झाली होती आणि झाली होती ती झकास. ती माजघरातल्या कपाटात घडी करून ठेवलेली. उरलेल्या साड्यांचं गाठोडं सोप्यात, कोपऱ्यात. दुसरी जागाच नव्हती. रविवारी माया बघायला येणार होती, मधोमध कोणती साडी घालायची ते दाखवायला. सकाळी फोन आला. “मलकापूर सोडलंय, तासाभरात पोचते.”

संयोगितानं घाईघाईनं सोपा झाडला, चटई टाकली आणि कोपऱ्यातलं गाठोडं घ्यायला वळली. कोपरा मोकळा.

“आवं, हितलं गाठोडं कुटं गेलं?”

जयराज अंगणात पंप दुरुस्त करत बसला होता. त्यानं मान वर केली आणि चक्क हसला. शाबासकीची वाट बघणाऱ्या माणसासारखा.

“चिंध्यांचं व्हय? लावलं की शेंगास्नी, काल सांजच्याला. परवा डुकरांनी निम्मं रान उकरलं न्हवं? शेजारच्या लालासाहेबानं त्याच्या रानाला साड्या बांधल्यात सगळीकडनं, त्याच्यात एक डुकार शिरंना. त्यो बाजारातनं किलोवर इकत आणतोय. म्हटलं आपल्या घरात फुकटच्या पडल्यात.”

“त्या मायाताईंच्या आईच्या साड्या हाईत!”

“मग त्या येगळ्या ठेवायच्या न्हाईत? घरातच पडल्या व्हत्या. मला काय सपान पडतंय?”

भांडायला वेळ नव्हता. ती अनवाणीच पळत सुटली. ओढ्याकडंला बांधावरून काठ्या रोवलेल्या, आणि काठीला काठी जोडत मायाच्या आईची लुगडी ताणून बांधलेली. वारा आला की फडफड करत होती. हिरवं इरकल वरून सुतळीनं करकचून आवळलेलं आणि खालचा काठ चिखलात. एका लुगड्याला रानडुकरानं मुसंडी मारून भगदाड पाडलेलं. म्हणजे एवढं करून डुकरं शिरायची ती शिरलीच होती!

संयोगितानं गाठी सोडायला घेतल्या. सुतळीच्या गाठी दवानं घट्ट बसलेल्या, नखं तुटायची वेळ आली. तोंडानं जे काही चाललं होतं ते जयराजच्या सात पिढ्यांना पुरलं असतं. मग तिनं एक साडी नाकाला लावली. ओल्या मातीचा वास आला, आणि त्याच्या मागून बारीकसा कापूर आणि तपकीर. होता अजून! रात्रभर रानात राहूनही होता. तिचा जीव भांड्यात पडला. चिखल वाळला की झटकून पडेल, फाटकं ठिगळात घेता येईल, सांगता येईल. वास आहे तोवर काही बिघडलेलं नाही.

सगळ्या साड्या छातीशी धरून ती घरी आली आणि कट्ट्यावर हारीनं वाळत घातल्या. हरणाबाई तांदूळ निवडत बघत होत्या. “आत्ती, ह्यास्नी हात लावू नगासा,” ती म्हणाली. आणखी नीट सांगणार, तेवढ्यात गोठ्यात दावं तुटल्याचा आवाज झाला. थोरली म्हैस सुटून लालासाहेबाच्या उसाकडं निघालेली.

“अगं, म्हस गेली बग!” जयराज पंपाजवळूनच ओरडला. हात तेलकट होते ना त्याचे. बिचाऱ्याचे.

गेली संयोगिता. जाणार कोण दुसरं? म्हैस उसात शिरली, ह्या सरीतून त्या सरीत पळवलं तिनं. पाती हातापायांवर चराचरा ओढली गेली. लालासाहेबाची बायको बांधावरून ‘आमच्या उसातच बरी येती तुमची म्हस’ म्हणून बोलून गेली, तेही ऐकून घेतलं. शेवटी कासरा हातात आला. घामाघूम होऊन तिनं म्हैस खुंट्याला बांधली आणि परसदारी हातपाय धुवायला गेली.

परसदारी धुण्याच्या दगडावर हरणाबाई होत्या. पदर खोचलेला, बादलीत फेस आलेला. दोरीवर मायाच्या आईची लुगडी एकापुढं एक, स्वच्छ, पाणी गळत. शेवटचं हिरवं इरकल त्या पिळत होत्या.

“पाव्हणी यायची आन् चिखलानं भरलेली लुगडी तिच्या पुढ्यात ठेवायची व्हय?” त्या धापा टाकत म्हणाल्या. “चांगला पावडरीचा सोडा टाकून काढल्या. बग, कशी नवी दिसाय लागल्यात.”

संयोगिता खाली बसली. खरंच बसली, चिखलातच. तिला ओरडायचं होतं पण आवाजच फुटेना. सत्तरीच्या बाईनं गुडघे धरत पाणी ओढून सगळी लुगडी धुतली होती, आणि तिच्या तोंडावर केलेल्या कामाचा आनंद होता. आता हिला काय बोलायचं? गळा दाबायचा की पाया पडायचं?

मग जयराज हात पुसत आला आणि म्हणाला, “चला, बरं झालं. मिटलं एकदाचं.”

तिथं तिला आवाज फुटला.

“मिटलं? काय मिटलं? त्या बाईला मी शबूद दिलावता! आईचा वास ऱ्हायलावता तिच्याकडं, तेवढाच ऱ्हायलावता, आन् तुमी दोघांनी त्यो डुकरास्नी दावला आन् मोरीत सोडला! किती दिस मागतीया मी ती खताची खोली? दार हाय, कुलूप हाय. न्हाई म्हटलासा. का? तर युरियाला वल लागती!”

“खत काय पावसात टाकू?” जयराज म्हणाला. “त्याच्यावर घर चालतंय.”

“आन् माझ्यावर काय चालतंय? हास्टेलातल्या पोराची फी कशातनं गेली?”

ह्यावर तो काही बोलणार होता, पण रस्त्याकडून गाडीचा हॉर्न वाजला.

हरणाबाईंनी संयोगिताचा हात धरला. “सांगू नगंस,” त्या हळूच म्हणाल्या. “माझं इरकल काढून देती. हिरवंच हाय. तपकीर मीबी वडती. माझ्या लुगड्यास्नी त्योच वास येतोय. वाकळंत गेल्यावर तिला काय कळतंय?”

क्षणभर संयोगिताच्या मनात तेही आलं. खोटं कशाला बोला. म्हातारीच्या लुगड्याचा वास तिला रोजचाच ठाऊक होता, आणि खरंच तो फारसा वेगळा नव्हता. माया ते घेऊन पाचगणीला जाईल, थंडीत अंगावर ओढून घेईल आणि हरणाबाईंना आई समजून झोपेल. ह्या विचारासरशी संयोगितानं हात सोडवून घेतला.

माया अंगणात आली ती हसत. संयोगितानं तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. सरळ परसदारी दोरीपाशी नेलं आणि जे झालं ते सांगून टाकलं. काठ्या, डुकरं, म्हैस, सोडा, सगळं. हरणाबाईंनी इरकल देऊ केलं होतं, तेवढं मात्र गाळलं.

मायाचं हसू गेलं. तिनं एकेक ओली साडी दोन्ही हातांनी धरून तोंडाला लावली. पहिली, दुसरी, हिरवं इरकल. पावडरीचा वास. शेवटच्या लुगड्यापाशी ती तशीच उभी राहिली, पाठ करून. जयराज उगाच तेलकट हात पुसत राहिला. संयोगितानं धावत जाऊन कपाटातली अर्धी वाकळ आणली आणि तिच्या हातात दिली. “ह्याला कुणी हात लावला न्हाई ताई. एवढं हाय.”

मायानं त्या अर्ध्या वाकळेत तोंड खुपसलं. बराच वेळ काढलं नाही. खांदे हलत होते. मग तिनं डोळे पुसले आणि हरणाबाईंकडं वळली.

“आजी, माझी आई असती ना, तर तिनंही धुतल्याच असत्या,” ती म्हणाली. “मळकी लुगडी लोकांच्या घरी दिलीस म्हणून मला शिव्या घातल्या असत्या.” आणि रडता रडता ती हसली.

“व्हय का न्हाई!” हरणाबाईंना केवढा जोर आला. “मी तेच म्हणती हिला!”

“बग,” जयराज लगेच म्हणाला. “त्या काय म्हणाल्या न्हाईत. तूच उगं डोस्क्यात राख घालून घेतलीयास.”

झालं, सगळे सुटले. सासू सुटली, नवरा सुटला, डुकरंसुद्धा सुटली. माया म्हणत होती की साड्या वाळल्या की उरलेली गोधडी पुरी करा, काही घाई नाही. जयराज चहा ठेव म्हणत होता.

“न्हाई,” संयोगिता म्हणाली.

“काय न्हाई?”

“ह्या साड्या मी ठेवून घेणार न्हाई. ताई, तुमी माफ केलं, तुमचं मन मोठं. मी न्हाई केलं. ह्या घरात तुमच्या आईची लुगडी ठेवाय माझ्याकडं जागा न्हाई. वल्याच घिऊन जावा.”

माया गोंधळली. “अहो, पण मी काही म्हणत नाहीये...”

“तुमी न्हाई म्हणत. मी म्हणतीया.”

जयराजनं हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. “आलेलं काम कुणी परत धाडतंय व्हय? पाव्हण्यांम्होरं तमाशा करू नगंस.”

संयोगितानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती खताच्या खोलीकडं गेली, कडी काढली, आणि युरियाचं पहिलं पोतं कानाला धरून ओढायला लागली. पोतं हलता हलेना. तिनं उंबऱ्याला पाय लावला आणि ओढलं. मग दुसरं. अंगण ओलं होतं, पोत्यांच्या बुडाला चिखल लागला. माया एव्हाना कट्ट्यावर अर्धी वाकळ मांडीवर घेऊन बसली होती, ती उठून मदतीला येऊ लागली. संयोगितानं तिला हातानंच थांबवलं.

“अगं, खत कुटं ठेवू मग मी?” जयराज ओरडला.

“सोप्यात ठेवा की,” संयोगिता म्हणाली. “घरातलंच हाय. कोण हात लावतंय?”

आधाराला म्हणून जयराजनं आईकडं बघितलं. हरणाबाई खोचलेला पदर सोडत होत्या, तो त्यांनी पुन्हा खोचला.

“माझ्याकडं काय बगतूस?” त्या म्हणाल्या. “दुसरं टोक धर.”