काटेवाडीतली तुर्की

बेद्रोस चुलाणाच्या ओट्यावरून उतरला, तोवर गुऱ्हाळ थांबले होते. त्याने चरकाला जोडलेल्या इंजिनाचा पट्टा वरून कसा धावतो हे पाहायला तो क्षणभर चढला होता, एवढेच. जोतीराम गुळव्याने झारा नुकत्याच रिकाम्या झालेल्या काहिलीत आडवा ठेवला, खांद्यावरचे उपरणे झटकले आणि कुणाकडे न पाहता तो बांधाने निघाला. त्याच्यामागे ऊस वाहणारे, रस गाळणारे सगळेच गेले. चुलाणापाशी जाळ घालणारा गेणबा तेवढा उरला. पेटता जाळ त्याला सोडता येत नव्हता.

गुऱ्हाळाचा मालक सावळाराम हातवारे करीत बराच वेळ बोलला. त्यातले बेद्रोसला ‘इंदापूर’ एवढेच कळले, आणि तेवढे पुरेसे होते. इंदापूरकडची गुऱ्हाळे जोतीरामाची वाट पाहत होती. तो गेला की सावळाराम पुन्हा चरकाला बैल जुंपणार आणि इंजिन मुंबईला परत धाडणार. इंजिने विकणाऱ्या कंपनीने बेद्रोसला बजावले होते की हेही इंजिन परत आले तर नोकरी संपली. कागदावर देश नसलेल्या आर्मेनियन माणसाला नोकरीवाचून इथे राहता येत नव्हते. त्याचे मोडके इंग्रजी मराठीत सांगणारा कारकून चार दिवसांपासून पुण्याला तापाने पडला होता.

“मी केलं तरी काय?” तो स्वतःशी म्हणाला, तुर्कीत. तुर्कस्तानात, अदानातल्या त्यांच्या घरात तीच बोलत. आई तीत रागावायची. आईला घराबाहेर काढणाऱ्यांनीही हुकूम तीतच दिला होता.

“चिझ्मेलेरी चिकार,” चुलाणाच्या तोंडाशी वाकलेला गेणबा मागे न वळता म्हणाला. बूट काढ.

बेद्रोस गर्रकन वळला. बारा वर्षांचा असताना वाळवंटाच्या वाटेवर त्याने ते शब्द ऐकले होते. तेव्हापासून त्याने चारचौघांत बूट काढले नव्हते.

“कुठं शिकलास?”

“साहेबाच्या पलटणीत होतो. कूतला तुर्कांनी वेढ्यात धरलं,” गेणबा थांबत थांबत, शब्द शोधत तुर्कीत म्हणाला. “मग तुमच्या डोंगरात बोगदे खोदले. दोन वर्षं. पयला शिकलो तो ह्योच हुकूम. बूट त्यांनी नेले.” मग त्याने ओट्याकडे बोट केले. “हे चुलाण पुजलेलं. पायतण घालून कुणी चढत नाही.”

बेद्रोस चिपाडांच्या ढिगावर बसला. नाड्या सुटायला वेळ लागला. गेणबा तोवर जाळाकडेच पाहत राहिला.

जाळ ओसरल्यावर दोघे बांधाने गेले, तेव्हा जोतीराम विहिरीच्या थारोळ्याच्या काठावर तंबाखू मळत होता.

“आबा, त्याला ठाव न्हवतं,” गेणबा म्हणाला.

“त्याच्या देशात चुलीवर पाय देत्यात व्हय?”

गेणबाने विचारले. आपल्याकडे तंदूर जमिनीत असे आणि त्याच्या काठाला पाय लागला तर आई फुंकणीने मारी, असे बेद्रोसने सांगितले.

“त्याची आई बी बडवायची म्हनतो.”

“बडवलं कमीच,” जोतीराम म्हणाला. मग त्याने बेद्रोसचे पाय निरखले. “इंजिन हाकतो आन् पाय बाळंतिणीवानी. वटा सारवंल का म्हनावं? सोता?”

गेणबाने सांगताच बेद्रोसने ओट्यापाशी परत येऊन शेणात हात घातला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तो सारवीत गेला. गेणबा पाणी घालीत होता.

“तीन आठवडे मी तुझ्याजवळ पुटपुटत होतो,” बेद्रोस म्हणाला. “बोलला का नाहीस?”

“त्या भाषेत मी साधं असं कुणाशी बोललोच नव्हतो. मार चुकवायला बोलायचो. सुरू कुठून करायचं?”

बेद्रोसने सारवणावरून बोटे फिरवली. “पाणी अजून घाल,” तो म्हणाला.

गेणबाने घागर कलती केली.

ओटा सुकल्यावर जोतीरामाने त्यावर हळदकुंकू वाहिले, झारा उचलला आणि सावळारामला हाक दिली. इंजिन धडधडू लागले, चरकातून रस वाहू लागला.

“त्याला म्हनावं, लांब हुबा ऱ्हा,” जोतीराम काहिलीवरून म्हणाला.

गेणबाने ते तुर्कीत सांगितले आणि शेवटी ‘कार्देश’ जोडले. भाऊ. बोगद्यावरच्या पहारेकऱ्यांनी त्याला कधी तशी हाक मारली असणे शक्य नव्हते. त्यांच्या आपसातल्या बोलण्यातूनच त्याने तो शब्द उचलला असणार. बेद्रोस चार पावले मागे सरला.