शंभरातले एकेचाळीस

"सगळ्यांना नव्वदच्या वर, आणि तुम्हाला एकेचाळीस!" गुस हानिफने कागद पुढे सरकवला. "असं कसं झालं, उस्ताझा?"

मुस्लिहाने चष्मा पुसला. हानिफ वयाने तिच्या मुलासारखा. पण कियायींचा, म्हणजे मदरशाच्या थोरल्या गुरूंचा मुलगा, म्हणून ती उस्ताझा, म्हणजे शिक्षिका, असूनही त्याला आदराने 'गुस' म्हणे, अहो-जाहो करी. सुराबाया शहरातून गुणवत्ता व्यवस्थापन शिकून आल्यापासून त्याने जोंबांगच्या या निवासी मदरशात भिंतभर तक्ते लावले होते. मुलींना प्रत्येक शिक्षकाबद्दल छापील प्रश्न दिला होता: शिकवलेलं समजतं का?

ज्यांच्या तासाला अख्खा वर्ग पेंगतो, त्यांनाही मुलींनी भरभरून गुण दिले होते. समजलं नाही म्हणणं म्हणजे गुरूच्याच माथी खापर फोडणं. ते कोण करणार? खरं लिहिलं होतं ते फक्त मुस्लिहाच्या मुलींनी. एकेकीला समोर बसवून अरबी किताब वाचून घेताना सव्वीस वर्षं ती एकच बजावत आली होती, समजलं नसेल तर मान डोलवायची नाही.

"परवा तपासणी आहे," हानिफ म्हणाला. "इतक्या कमी गुणांचा वर्ग ठेवता येणार नाही. उद्यापासून मुली हॉलमध्ये, माइकवर एकच जण सगळ्यांना शिकवेल. तुम्ही ग्रंथालय सांभाळा. नाहीतर... आजच्या आज कागद पुन्हा भरून घ्या. तुम्ही नुसतं सुचवलंत तरी पुरे."

"ग्रंथालयातली पुस्तकं वाचताना चुकत नाहीत, गुस. मी तिथं करू काय?" ती हसून म्हणाली.

तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर मुली व्हरांड्यात जमल्या. बातमी केव्हाच पोचली होती. मदरशात भिंतींपेक्षा भाताच्या रांगेचे कान तिखट.

"उस्ताझा, आणा ना ते कागद परत," नफीला म्हणाली. "सगळ्याजणी 'समजतं'वर खूण करतो. त्यात काय एवढं!"

"मी तर दोनदा करीन," मागून कुणीतरी म्हणालं. मुली खिदळल्या.

मुस्लिहाला मोह झाला. या व्हरांड्यावाचून तिला दुसरं होतं काय? 'बरं' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. तो गिळून तिने नफीलाला समोर बसवलं.

"तुझं अडलेलं पान काढ."

नफीला तीन आठवडे त्याच पानावर होती. आज ती न अडखळता शेवटपर्यंत गेली.

"समजलं?" मुस्लिहाने विचारलं.

मागच्या मुली माना हलवून खुणावत होत्या, हो म्हण, हो म्हण. नफीलाने ओळीवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"नाही, उस्ताझा. वाचता आलं. समजलं नाही."

चटई ओढून मुस्लिहा आणखी जवळ सरकली.

"मग वरच्या ओळीपासून घे," ती म्हणाली. "सावकाश."