गवत लागू नये म्हणून

डॉक्टरांचं बोलणं चंपतला एका फटक्यात समजलं, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

त्याच्या बायकोचं, हौसाबाईचं, हृदय मधेच चौखूर उधळायचं. दोनदा ती चुलीपाशी कोसळली, तेव्हा अकोल्याला नेऊन छातीत वरच्या अंगाला कातडीखाली एक छोटं यंत्र बसवून आणलं. "ठोके बेफाम झाले, की हे झटका देऊन ताळ्यावर आणतं," डॉक्टर म्हणाले. चंपतने जाणकारासारखी मान डोलावली. रिसोडजवळच्या त्याच्या वांग्याच्या मळ्याभोवतीच्या तारेत रानडुकरांसाठी करंट सोडणारी झटका मशीन होतीच. एक सांभाळणाऱ्याला दुसरी काय जड?

मळ्यातल्या मशीनचे नियम दोनच. सोलरची प्लेट उन्हात हवी. म्हणून हौसाबाईची बाज रोज सकाळी अंगणात. आणि तारेला गवताची काडीही लागता कामा नये. लागली की करंट जमिनीत उतरतो अन् ऐन वेळी मशीन गार. म्हणून चंपत बायकोला बोट लावेना. चहाचा कप ओट्यावर ठेवून मागे सरायचा. स्वतःची बाज त्याने गोठ्याच्या भिंतीशी नेली. शेजारची मंजू गळ्यात पडायला निघाली, तर हा मधे उभा. "दुरूनच बोल, बाई."

बाकी सेवेत खोट नव्हती. गोळ्या वेळेवर, भाकरी मात्र नकाशासारख्या. पण एका सकाळी हौसाबाईने पिशवी भरली.

"मी माहेरी, अनसिंगले भावाकडं चालली."

"काहून?"

"मशीन बसवली तवापासून तुमाले माही किळस येते. विटाळ धरल्यावानी कप ठेवता."

"किळस नाई वं. गवत लागू नाई म्हणून."

"मी गवत दिसून राह्यली तुमाले?"

"तू तार. गवत मी."

हौसाबाई पिशवी उचलून वळली. मग तिचा चेहरा पांढराफटक पडला, हातातली पिशवी सुटली आणि ती कलली. चंपतने सगळं शास्त्र खुंटीला टांगलं आणि तिला दोन्ही हातांनी कवेत धरलं. तिचं अंग एकदम उसळलं. त्याच्या तळव्यांना मुंग्या आल्या, तेवढंच.

तिने डोळे उघडले.

"आता कायले धरलं?"

"पडून राह्यली होती तू."

"मंग सोडू नका."

तसंच एका हाताने त्याने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आजच घेऊन या.

"येतो जी. पन तिले धरलं तर करंट उतरत नाई ना?"

"धरा की. बिनधास्त धरा."

"अन् ऊन?"

"कसलं ऊन?"

चंपतने तो विषय तिथेच मिटवला.

अकोल्याला निघालेल्या भाऊसिंगच्या सवारी जीपमध्ये माणसं खच्चून भरली होती, आणि सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी होती. हौसाबाईने पदर पुढे ओढला.

"सोडा आता हात. लोक पाहून राह्यले."

"डॉक्टरची आर्डर हाय."

भाऊसिंगने आरशातून पाहिलं. "काका, काकूची मशीन बिघडली का?"

"नाई. मस्त चालून राह्यली," चंपत म्हणाला. "तू रस्त्याकडं पाह्य."