लखमाईचा कौल

सकाळपासून ऋतुजाने एकच बाही शिवली, उसवली, पुन्हा शिवली आणि पुन्हा उसवली. माप बरोबर होतं, मशीन नीट चालत होतं, बिघडलं होतं ते शिवणारीचं डोकं. सुई मोडली तर धारूरच्या बाजारात दुसरी मिळते. गोष्टीचा शेवट कुठल्या दुकानात मिळतो?

गोष्ट लखमाईची होती. दिवाळीच्या तोंडावर वाडीची टोळी ऊसतोडीला निघाली, तेव्हा ट्रॅक्टरवर चढता चढता सत्यभामा वहिनी म्हणाली होती, "वन्सं, तिथं पाचटाच्या कोपीत लई भकास वाटतं. फोनवर कायतरी सांगून धाडत जा." ऋतुजा इतिहास घेऊन बी.ए. झालेली पोर. नोकरी लागेपर्यंत म्हणून ब्लाउज शिवायला बसली आणि नोकरी राहिली बाजूला, ब्लाउजच हातात बसले. शिकलेलं कुठेतरी खर्च करायला हवंच होतं. खिडकीतून धारूरचा किल्ला दिसायचा, पण त्याचं नाव तिने घेतलं नाही. देवगिरीचं राज्य मोडलं त्या धामधुमीतला, आपल्या मनाचा एक गड तिने रचला. गडावर म्हातारा किल्लेदार, त्याची सून लखमाई, आणि लखमाईच्या नवऱ्याचा रक्ताने माखलेला पटका घेऊन लढाईतून परतलेला, स्वतःचं घोडंही नसलेला एक स्वार, एकोजी.

दर चार-पाच दिवसांनी ती फोनपुढे बोलायची आणि बोललेलं वहिनीला पाठवायची. उसाच्या फडात मोळ्या बांधता बांधता बाया ते ऐकायच्या. पहिल्याच भागात तिने लखमाईच्या ताटात मिरचीचा ठेचा वाढला. मागाहून वाचनात आलं, की त्या काळी मिरची आपल्या मुलखात आलेलीच नव्हती. पुढच्या भागात तिने गुपचूप मिरे घातले. पण बाया कुठल्या सोडतात! लगेच निरोप आला, "लखमाईचा ठेचा कुणी पळवला?"

बायांना लढाया नको होत्या. त्यांना गडावर पाणी कुठून यायचं ते हवं होतं, लखमाई न्हायची कुठे ते हवं होतं, आणि एकोजी तिच्याकडे बघून मान खाली घालतो ते पुन्हा पुन्हा हवं होतं. वहिनीची तर सक्त ताकीद, "त्यांना भेटवायची घाई करू नका. भाकर तव्यावरून लवकर काढली की कच्ची राहती." म्हणून ऋतुजाने भाकर भाजू दिली. एकोजी टाक्यावरून पाण्याची पखाल आणून दाराशी ठेवायचा आणि निघून जायचा. लखमाई दार उघडायची नाही, पण पखाल ठेवल्याचा आवाज आला की जात्यावरचा तिचा हात थांबायचा. एवढ्यावर पौष सरला. आता गोष्ट गडाच्या दाराशी येऊन उभी होती. लखमाई गड उतरून एकोजीबरोबर जाते, की नवऱ्याच्या नावाने गडावरच राहते?

हे सगळं ऋतुजा मशीनच्या स्टुलावर बसून सांगायची. शेजारी तिच्या वडिलांची, आबांची, काळी घोंगडी अंथरलेली असायची, तिच्यावर बसून कधीच नाही. धुळाजी आबांच्या घरचा दंडक होता, की घोंगडीवर बसून खोटं बोलायचं नाही. मेंढरांचे सौदे, भावकीची भांडणं, सगळं तिच्यावर मिटायचं. आबा थट्टासुद्धा करायचे ती घोंगडीवरून उठून. मग गोष्ट तर सगळीच रचलेली. आबा तिकडे तोंड करून सुताची चाती फिरवत बसायचे आणि आपल्याला ऐकण्यात काही रस नाही असं दाखवायचे. भाग संपला की चाती हटकून थांबायची.

बाही उसवून चिंध्या व्हायची वेळ आली तेव्हा छबुबाई आली. छबुबाई टोळीतलीच, लेकीचं बाळंतपण होतं म्हणून मधूनच परतलेली. ब्लाउजचं कापड मांडीवर टाकून तिने इकडे तिकडे बघितलं. आबा रानात गेले होते.

"शेवट कवा सांगणार गं तू?"

"सुचंना बघा काकू."

"सुचीव बाई लवकर. तिथं एकीचा जीव टांगणीला लागलाय."

"कुणाचा?"

"तुझ्या वहिनीचा. तिनं तुझ्या गोष्टीला कौल लावलाय."

ऋतुजाला आधी हसू आलं. तुळजापुरात चिंतामणीच्या गोल दगडावर हात ठेवून मनातलं विचारतात हे तिला ठाऊक होतं. दगड उजवीकडे फिरला तर होकार, डावीकडे फिरला तर नकार. तिच्या बारावीच्या वेळी वहिनीनेच तसा कौल लावला होता.

"फड सोडून तुळजापूरला कशी जाणार ती?" छबुबाई म्हणाली. "म्हणून लखमाईवर हात ठिवलाय. लखमाई गड उतरली तर हो. न्हाई उतरली तर न्हाई."

"पण कशाचा हो?"

छबुबाईच्या तोंडात तीळ भिजत नसे. तिने सगळं सांगून टाकलं. शिरूर कासारकडचा सोमेश्वर, मेंढपाळ, बायको वारलेला. ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानात त्याची मेंढरं बसतात. त्याने सत्यभामेला लग्नाचं विचारलंय. माणूस सरळ आहे, पितबीत नाही. "तिच्याबी मनात हाय. पण पाट लावायचा म्हंजी काय, तुला ठाऊक हाय. अंधार पडल्यावर चार माणसं गोळा करायची, सवाष्णीनं तिचं तोंड बघायचं न्हाई, उजाडायच्या आत दुसऱ्या गावाला. चोरावानी. ती म्हणती, मी काय चोरी केलीया?"

छबुबाई गेली आणि ऋतुजाच्या पायाखालची जमीन सरकली. देवावर सोपवायची गोष्ट वहिनीने नणंदेवर सोपवली होती, आणि नणंदेला त्याचा पत्ताही नव्हता. त्याहून लाजिरवाणं म्हणजे, लखमाईला विधवा करताना वहिनी तिच्या मनातही आली नव्हती. घरात समोर वावरणारं माणूस तिला दिसलं नव्हतं.

हनुमान, ऋतुजाचा भाऊ, उसाची ट्रॉली उलटून गेला त्याला तीन वर्षं होत आली. वहिनी माहेरी गेली नाही. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, एकटी बाई म्हणजे अर्धा. वहिनी अर्धा कोयता म्हणून जात राहिली, आणि उन्हाळ्यात परत आली की या घरात हसण्याचा आवाज यायचा. हनुमान कसा घोरायचा याची नक्कल फक्त तिलाच जमायची. आबा तेवढ्यापुरते हसायचे. ती गेली की दादा दुसऱ्यांदा जाणार, असं ऋतुजाला वाटलं आणि तिला वहिनीचा राग आला, सोमेश्वराचा आला, त्याच्या न पाहिलेल्या मेंढरांचासुद्धा आला. मग स्वतःचा आला, आणि तो काही जाईना.

दोन दिवस ती घरात आणि अंगणात येरझारा घालत राहिली. चहा उतू गेला. एका बाईच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या. आबा म्हणाले, "पोरी, तुला काय मुंगळे चावले काय?" तिने काही नाही म्हणून सांगितलं, स्टुलावर बसली, फोन तोंडाशी धरला आणि एकोजीला मारून टाकलं.

सोपंच होतं ते. रात्रीत शत्रू चालून आला, एकोजी बुरुजावर लढला, छातीवर घाव झेलून पडला. लखमाईने त्याच्या तोंडात पाणी घातलं. ती गडावरच राहिली, दोघांच्या नावाने दिवा लावत. पाप नाही, शाप नाही, कुणाला कुणाचं मन मोडावं लागलं नाही. ऋतुजाने सगळं एका दमात सांगितलं आणि पाठवून दिलं. आबांची चाती मात्र थांबली नाही, फिरतच राहिली.

फोनवर दोन निळ्या खुणा उमटल्या. म्हणजे वहिनीने ऐकलं. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. एरवी भाग संपायच्या आत बायांचा कालवा यायचा. आता ऋतुजा सुईत दोरा ओवायची आणि फोन बघायची, पाण्याला जायची आणि वाटेत फोन बघायची. शेवटी छबुबाईच भेटली पाणवठ्यावर. "अगं, मारलंस कावून त्याला? बाया म्हणतात, पौषभर नुसतं पाणीच वाहायला लावलं व्हय त्याला?" ऋतुजाने हंडा उचलला आणि चालू लागली.

चौथ्या दिवशी वहिनीचा आवाज आला. मागे कोयत्याचे घाव ऐकू येत होते.

"वन्सं, ऐकलं. एकोजी मेला. मला रडू न्हाई आलं. म्हणून परत एकदा ऐकलं, तरीबी न्हाई आलं. तुमचे दादा गेले ते मला तुमीच सांगितलं होतं, आठवतं का? दारात उभ्या ऱ्हायल्यात, माझा हात धरलात, आन् तुमच्या तोंडातून शब्द फुटंना. मी तुमच्या तोंडाकडं बघूनच समजले. ह्या बारीला तुमी एका दमात सांगून मोकळ्या झालात. खरं मरण असं सांगता येत न्हाई, वन्सं. कुणीतरी तुमच्या कानात आमचं सांगितलंय, आन् तुमाला भ्या वाटलंय. मला राग न्हाई. पर हा शेवट मी धरीत न्हाई. पाडव्याला आमी येतो. तवा समोर बसून सांगा. मामांच्या घोंगडीवर बसून."

ऋतुजाने ते ऐकलं आणि मशीनवर डोकं टेकून रडली. पकडली गेल्याची लाज होती, आणि इतकं ओळखणारं माणूस आता जाणार म्हणूनही रडू होतं.

पाडव्याला टोळी परतली. सत्यभामा वाळली होती, पण डोळे तसेच. तिने अंघोळ केली, गुढीला हात जोडले, लिंबाचा पाला सगळ्यांना चावायला लावला, आबांचं वाकडं झालेलं तोंड बघून खुदकन हसली. मग जेवणं झाल्यावर, भर दुपारी, तिने स्वतः घोंगडी झटकली आणि अंथरली.

"बसा वन्सं."

आबा तिथेच भिंतीला टेकून होते. ते उठतील असं ऋतुजाला वाटलं, पण उठले नाहीत. छबुबाईचं तोंड गावभर फिरून आलं होतं, त्यांच्या कानापर्यंत पोचल्याशिवाय राहिलं नसणार. ते सरकून घोंगडीच्या टोकाला बसले. चाती त्यांनी आणली नव्हती.

ऋतुजा बसली. घोंगडीची लोकर पायांना टोचत होती. "एकोजी मेला न्हाई," ती म्हणाली आणि थांबली. स्टुलावर जीभ कशी सुसाट धावायची! इथे एकेक शब्द ओढून काढावा लागत होता.

"तो गडाखाली थांबलाय. तिला बोलवत न्हाई. त्याला ठाऊक हाय, बोलवलं तर ती त्याच्या शब्दावर आली असं हुईल. लखमाई घरातून निघती. नवऱ्याचा पटका पेटीत हाय, तो ती घेत न्हाई. तो गडाचा हाय. पर तिचा हात पेटीवर लई वेळ ऱ्हातो. तिची नणंद हाय घरात." सत्यभामेने मान वर केली. इतक्या भागांत नणंद कधी आलीच नव्हती. "नणंद तिला जाऊ नको म्हणती. तिला वाटतं, ही गेली की भाऊबी गेला. म्हणून तिनं एकदा खोटं सांगितलं. ते तिला लागलंय."

आवाज फाटला तसं ती पाणी प्यायली.

"गडाला दोन दारं हायती. मागं चोरदिंडी हाय, तिथनं रातच्याला कुणी गेलं तर कुणाला दिसत न्हाई. समोर म्होरलं दार. लखमाई नवरी हून आली ती म्होरल्या दारातनं, वाजत गाजत. चोरदिंडीला कुलूप नसतं. म्होरल्या दाराची किल्ली किल्लेदाराच्या कमरेला. लखमाई म्होरल्या दाराशी जाऊन उभी ऱ्हाती. ऊन लई हाय. आन् म्हातारा तिथं येतो."

"मग?" सत्यभामेने विचारलं.

"फुडलं मला ठाऊक न्हाई, वहिनी. घोंगडीवर बसलीय, रचून कशी सांगू? सासऱ्यानं काय केलं, ते सासऱ्यालाच ठाऊक." तिने आबांकडे बघितलं. "आबा, तुमी सांगा."

धुळाजींनी घोंगडीच्या दशीला पीळ घातला, सोडला, पुन्हा घातला. रस्त्यावरून कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला.

"म्हाताऱ्याला वाटतं, रातीच गेली असती तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "बघावं तरी लागलं नसतं."

सत्यभामेची मान खाली गेली.

"पर ती उन्हात उभी हाय म्हणतीस. मग किती येळ उभी ठिवायची?" त्यांनी घसा खाकरला. "उघडतो तो दार. ती ल्येक हाय म्हणून उघडतो. त्या शिरूरच्या माणसाला सांगा, सकाळच्या पारी या म्हणावं, चांगलं उजाडल्यावर. वाजंत्री मी सांगतो. सवाष्णी येतील न्हाईतर न्हाई येणार, मी हाय."

मग ते उठले आणि रानात जायचं निमित्त करून चप्पल न घालताच बाहेर पडले.

सत्यभामेने पदर तोंडाला लावला. एकोजीच्या मरणाला जे आलं नव्हतं ते आता आलं, आणि ऋतुजाने तिचा हात धरला. दारात उभं राहून मागे एकदा धरला होता, तसाच.