लांब पल्ल्याच्या बाई

आधी लुळा हात, मग चांगला. बाईंनी नवऱ्याचा उजवा हात सदऱ्याच्या बाहीतून अलगद ओढून घेतला, तेवढ्यात दारावर टकटक झाली.

दारात शिवणवाली उभी होती. चर्चमागच्या गल्लीत तिचं दुकान होतं आणि मंडळीतल्या निम्म्या बायकांचे कपडे तीच शिवायची. मापाची टेप गळ्यात तशीच लोंबत होती.

"बाई, ताईला दवाखान्यातून घरी पाठवलंय," ती म्हणाली. "आता करण्यासारखं काही नाही म्हणे. तुम्ही येता का प्रार्थनेला?"

शाळेतून निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी बाई सगळ्यांच्या बाईच होत्या, आणि प्रार्थनेच्या बाबतीत मंडळीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आजारपण असो की मरण, बोलावणं बाईंनाच जायचं. बाई एकदा डोळे मिटून सुरू झाल्या की समोरच्या चहावर साय धरायची. लोक पाठीमागे त्यांना 'लांब पल्ला' म्हणत. हे बाईंना ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं. दुःखातल्या माणसाला देवाची योजना समजावून सांगावी लागते, नाहीतर ते भरकटतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

मग नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला. मंडळीतली माणसं रीघ लावून आली आणि बाईंचीच वाक्यं बाईंना ऐकवून गेली. देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा पाहतो. प्रत्येक गोष्टीमागे त्याचा हेतू असतो. बाई मान डोलवत राहिल्या आणि मनात म्हणाल्या, अगं बाई, हे असं लागतं होय! ज्याचं जळतं त्याला कळतं, ते काही खोटं नाही. माणसं गेली की ओल्या चादरी बदलायला बाई एकट्याच उरायच्या.

तेव्हापासून त्यांना प्रार्थना जमत नव्हती. विश्वास उडाला होता असं नाही. शब्द आटले होते. चादरी पिळताना त्या देवाशी कडाकडा भांडत, पण भांडणाला काही प्रार्थना म्हणत नाहीत. चर्चमध्ये हल्ली त्या शेवटच्या बाकावर बसत आणि गीतांना नुसते ओठ हलवत. हे त्यांनी पाळकांनाही सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? इतक्या घरांत इतकं बोलून आल्यावर?

"पाळकांना बोलाव ना," त्या शिवणवालीला म्हणाल्या.

"ते येऊन गेले. मला तुम्ही हव्यात."

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि मरणाऱ्या माणसाच्या उशाशी बसून पाठ केलेलं म्हणून दाखवायचं, हे आता त्यांच्याने होणार नव्हतं.

"यांना एकटं टाकून कशी येऊ गं?"

"जा तू," आतून नवऱ्याचा जड जिभेचा आवाज आला. "शेजारचे बसतील माझ्याजवळ." मग त्याचं अर्धं तोंड हसलं. "फक्त... थोडक्यात आटप."

शिवणवालीच्या घरी मशीन भिंतीला सरकवून पलंगाला जागा केली होती. थोरली बहीण डोळे मिटून पडली होती. आईबाप गेल्यावर तिनेच शिवणवालीला वाढवलं होतं. आता ती उशीवरून घसरून खाली आली होती आणि मान वाकडी झाली होती.

शिवणवालीने खाली मान घातली. बाईंनी डोळे मिटले. जुनी वाक्यं भराभरा ओठांशी आली आणि एकेक करून परत गेली. फक्त बहिणीचा घरघरता श्वास ऐकू येत होता.

"प्रभू," अखेर बाई म्हणाल्या, "ही फार दमलीय. आम्हीपण दमलोय. तू इथे बस. आमेन."

आमेन ऐकूनही शिवणवालीचे डोळे मिटलेलेच होते. बाई श्वास घ्यायला थांबल्या असाव्यात, असंच तिला वाटलं असणार. बराच वेळ काही ऐकू येईना, तेव्हा तिने हळूच पाहिलं. बाई पदर खोचून उभ्या होत्या.

"चादरीचं ते टोक धर. अंगाला धरून ओढू नकोस, दुखेल तिला. हं, आता वर."

दोघींनी मिळून तिला उशीवर घेतलं. बाईंनी कापूस भिजवून तिच्या ओठांना लावला. बहिणीने एकदा डोळे उघडले, बाईंकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. श्वासाची घरघर जराशी उतरली.

बाईंना शरमल्यासारखं झालं. एवढ्या आशेने बोलावलं बिचारीने, आणि आपण दिलं काय तर चार शब्द. त्यांनी पिशवी उचलली.

"येते मी. मला पूर्वीसारखं जमत नाही गं. रागावू नकोस."

शिवणवालीने टेपचं टोक बोटाला गुंडाळलं.

"माझी पोर गेली तेव्हा तुम्ही आला होतात," ती म्हणाली. "खूप वेळ प्रार्थना केलीत. देवाने फूल खुडून नेलं, असं काहीतरी म्हणालात. तुमचे डोळे मिटलेले होते आणि मी मनात देवाकडे एकच मागत होते."

"काय?"

"ही बाई इथून जाऊ दे."

तोंडावर कुणीतरी मारावं तसं बाईंना झालं. पण आश्चर्य म्हणजे राग आला नाही. तेव्हाची ती पोर गेलेली आई त्यांना आज पहिल्यांदा दिसली, आणि तिच्यासमोर अखंड बोलणारी स्वतःही दिसली. त्यांचे डोळे भरून आले.

"गेली गं ती बाई," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे. शेवटच्या बाकावर दर रविवारी बघते ना तुम्हाला. म्हणून तर बोलावलं." शिवणवालीने खुर्चीवरचे कापडाचे तुकडे उचलले. "तुम्ही बसा. घाई नसेल तर."

बाईंनी पिशवी मशीनवर ठेवली आणि खुर्ची पलंगाजवळ ओढून घेतली.