कॉलरचा कागद

मास्तर हा माणूस दोन्हीकडून मास्तर. दुकानात शिंपी म्हणून मास्तर, आणि दर मंगळवारी सरावाला नि रविवारी सामन्याला गल्लीच्या फुटबॉल टीमला मैदानात पळवतो म्हणूनही मास्तर. दोन्हीकडे त्याची एकच फुशारकी: माणूस नुसता समोर उभा राहिला की आपल्याला माप कळतं, टेप लावायची गरज नाही. दुकानात हे बऱ्यापैकी खरं होतं. मैदानात नव्हतं, पण हे त्याला सांगणार कोण?

टीम म्हणजे सगळी नोकरीधंद्याची माणसं. प्लंबर गोलकीपर, शाळेतले गणिताचे सर पुढच्या फळीत, आणि डाव्या बाजूच्या बचावाला मिनिट. मिनिट एकतीस वर्षांचा, टपाल कार्यालयात पार्सलं लावायचा. सरावाला सहा म्हटलं की बरोबर सहाला हजर, पाच एकोणसाठलाही नाही, म्हणून ते नाव पडलं आणि त्यालाही आवडलं. चेंडू कुठे येऊन पडणार हे त्याला बाकीच्यांच्या आधी कळायचं. त्याला ऑटिझम आहे असं डॉक्टर म्हणायचे. टीम म्हणायची, जरा वेगळा आहे, पण डावी बाजू त्याच्या हवाली केली की बिनघोर राहायचं.

तो टीममध्ये आला तेव्हा त्याची थोरली बहीण दुकानात एक जाड कागद घेऊन आली होती. दोन्ही बाजूंनी लिहिलेला, आठ मुद्दे, आकडे घालून.

"मास्तर, एवढं वाचा. त्यानं सांगितलंय, मी उतरवून घेतलंय. मग तुम्हाला त्याचा त्रास नाही आणि त्याला तुमचा नाही."

"वाचतो की, ताई," मास्तर म्हणाला आणि कागद कापायच्या टेबलावर ठेवला. ती पायऱ्या उतरते न उतरते तोच बायकोला म्हणाला, "माणूस खेळवायला आता कागद लागतो होय?"

बायको काजं करत होती. "अहो, पण वाचा तरी," ती म्हणाली. मास्तरनं ते कानामागे टाकलं. तीन महिने त्या कागदावर कधी कात्री पडली, कधी चहाचा कप.

मग त्याच्या डोक्यात नव्या शर्टांचं खूळ शिरलं. टीमला स्वतःच्या हातचे शर्ट शिवायचे, आणि साधे नव्हेत, कॉलरवाले, आत बकरमचं चांगलं कडक अस्तर घालून, म्हणजे पुलापलीकडच्या टीमनं बघतच राहावं. कॉलर कापायला नमुना लागतो, नमुन्याला जाड कागद लागतो. टेबलावर होताच. लिहिलेलं आहे हे त्याला दिसलं. पण लिहिलेलं असलं म्हणून काय झालं, कात्रीला कुठे वाचता येतं? खडूनं रेघ मारली, कापला, उरलेल्या चिंध्या टोपलीत टाकल्या.

रविवारी सामन्याआधी सगळ्यांनी शर्ट चढवले. मिनिट मात्र शर्ट हातात धरून उभा.

"मास्तर, मी जुना घालू का? याचा गळा टोचतो."

"नवं कापड आहे, दोन धुण्यांत मऊ पडेल. सगळे सारखे दिसायला नकोत का? घाल."

"बरं. तुम्ही सांगताय," मिनिट म्हणाला आणि त्यानं शर्ट घातला.

त्या दिवशी डाव्या बाजूला मिनिट नव्हताच म्हणा ना. एक हात सारखा गळ्याशी. दोन चेंडू त्याच्या नाकासमोरून गेले. आणि हाफ टाइमला थोडा वेळ उरलेला असताना, पलीकडचा गडी चेंडू घेऊन त्याच्याच अंगावर येत होता, तेव्हा मिनिट थांबला. शर्ट काढला, नीट घडी घालून रेषेवर ठेवला आणि मैदानाबाहेर गेला. गोल झाला. तेवढ्या एका गोलनं सामना गेला.

सामना संपल्यावर मास्तरनं त्याला सगळ्यांसमोर धरलं. "एवढा बाप्या झालास आणि शर्टाचे नखरे? तुझ्यापेक्षा लहान मूल परवडलं. तुझ्या एकट्यापायी हरलो." सर हसले. सर हसले म्हणून आणखी दोघं हसले.

"मी अडतीस मिनिटं घातला," मिनिट जमिनीकडे बघत म्हणाला आणि निघून गेला.

मंगळवारी प्लंबरच्या जाड मानेला तंग झालेली कॉलर मोठी करायची होती. मास्तरनं नमुना काढला, कापडावर ठेवला, आणि खिडकीचा उजेड नेमका त्यावर पडला म्हणून की काय, पहिल्यांदाच वाचला. "३. माझ्या गळ्याशी काही टोचलं की मला दुसरं काही सुचत नाही. लेबल काढून टाका. कॉलर न" आणि पुढे कात्री. त्यानं कागद उलटा केला. "७. माझं चुकलं तर बाजूला घेऊन सांगा, चारचौघांत".

मास्तर स्टुलावर बसला. कानाच्या पाळ्या तापल्या. ज्या कागदावर कॉलर नको असं लिहिलं होतं, त्याच कागदाची त्यानं कॉलर कापली होती. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेणाऱ्या माणसाला आज स्वतःचं माप कळलं, आणि ते इतकं तोकडं निघालं की बायकोकडे मान वर करून बघवेना. त्याला स्वतःचीच लाज वाटत होती, आणि तरी पहिला विचार काय आला? की टोपलीत टाकावा, कुणाला कळतंय.

तेवढ्यात पायऱ्यांवर पावलं वाजली. त्यानं नमुना खिशात कोंबला. मिनिटची ताई आत आली. शर्ट धुऊन, इस्त्री करून आणला होता.

"हा ठेवून घ्या. तो आता येणार नाही म्हणतो," ती म्हणाली. "मास्तर, एक विचारू? तुम्ही कागद वाचला होतात ना?"

"वाचला होता की," मास्तर म्हणाला. खोटं किती सहज निघतं तोंडातून, बकरमही इतकं सहज कापलं जात नाही.

"तेच मी त्याला म्हटलं. तो म्हणत होता, मास्तरांनी वाचला नसणार. मी चिडले त्याच्यावर. म्हटलं, माझ्यासमोर हो म्हणालेत ते, तूच काहीतरी केलं असशील. दोन दिवस आम्ही धड बोललो नाही."

बायकोची सुई थांबली. एरवी नवऱ्याचं काही चुकलं की ती दहा शब्द सुनवायची. आज तिनं नुसतं त्याच्या खिशाकडे बघितलं, आणि तेच जास्त लागलं. मास्तरनं खिशातून नमुना काढून टेबलावर ठेवला.

"नाही वाचला, ताई. कापला."

ताईनं तो उचलून दोन्ही बाजूंनी बघितला. "यावर लिहिलेलं होतं."

"हो."

"दिसलं नाही?"

"दिसलं," मास्तर म्हणाला.

तिनं नमुना परत टेबलावर ठेवला. मास्तरलाच ते सोसेना. "मी सगळी टीम घेऊन येतो. सगळ्यांसमोर बोललो, सगळ्यांसमोर माफी मागतो."

"पाचवं वाचलं असतंत तर असं म्हणाला नसतात," ताई म्हणाली. "अचानक घोळका अंगावर आला की तो पळतो. एकटे जा. सव्वापाचला सुटतो. तुम्ही येताय हे मी त्याला आधी कळवते." दारातून ती पुन्हा वळली. "आणि मलाही घरी जाऊन त्याच्यासमोर उभं राहायचंय. तुमच्या शब्दावर मी त्याला खोटं पाडलं."

दुपारभर मास्तरनं अकराही शर्टांच्या कॉलरी उसवल्या. बायको शेजारी येऊन बसली आणि उघडे गळे मऊ पट्टीनं शिवत गेली.

सव्वापाचला मिनिट टपाल कार्यालयाच्या मागच्या दारातून बाहेर आला. मास्तरनं वाटेत चांगली लांबलचक वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

"कागद मी वाचला नव्हता. कापून त्याचीच कॉलर केली. वर तुलाच बोललो. चूक सगळी माझी."

"मला वाटलंच होतं," मिनिट म्हणाला. त्यानं नमुना मागून घेतला आणि कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "तिसरं अर्धं आहे. सातवं अर्धं आहे. आठवं नाहीच."

"आठवं काय होतं?"

"मास्तर सांगतील ते मी करीन. ताई म्हणत होती, हे नको लिहूया. मी लिहायला लावलं. म्हणून अडतीस मिनिटं घातला."

 रस्त्यावरून माणसं जात होती आणि मास्तर आपला चपलांच्या टोकांकडे बघत उभा.

"सगळ्यांच्या कॉलरी उसवल्यात," तो कसाबसा म्हणाला. "आज सरावाला येशील का रे?"

"सहाला," मिनिट म्हणाला. मग नमुन्याची घडी घालून त्यानं तो स्वतःच्या खिशात ठेवला. त्याच्या आवाजात राग नव्हता, पार्सल कुठल्या खणात जातं ते सांगावं तसं तो म्हणाला, "आठवं कापलं गेलं ते बरंच झालं. नाहीतर आज खोडावं लागलं असतं."

तो मैदानाच्या दिशेनं चालू लागला. मास्तर चार पावलं अंतर ठेवून मागून निघाला. सहाला टीमसमोर काय बोलायचं ते तो वाटभर जुळवत होता, आणि एकाही वाक्याचं माप त्याला नीट लागत नव्हतं.